पगार पंधरा हजार, प्रत्यक्षात पडतो किती?

दिवाळीला बारा-तेरा दिवस उरले होते. कुपवाड एमआयडीसीतल्या एका टर्निंग शॉपच्या, म्हणजे लेथवर धातूचे भाग कातणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात मी मस्टर (कामगारांचं हजेरीपत्रक) घेऊन बसले होते. बाहेर दोन सीएनसी (संगणकावर चालणारी मशीनं) आणि जुन्या लेथचा आवाज, टेबलावर कुलंटचा (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) वास लागलेली चलनं. मालकांना सगळे आप्पा म्हणतात. ते आत आले आणि उभ्यानेच म्हणाले, "ताई, बोनसचा आकडा काढला का?" काढला होता. चोवीस माणसं, तीन लाख साठ हजारांच्या आसपास. आप्पा खुर्चीत बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वर्षभर मशीन बंद नव्हतं. एक दिवस काम कमी पडलं नाही. मग हे पैसे गेले कुठं?"

ते पैसे कुठे गेले नव्हते. जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्या कंपनीचे भाग तयार करून देण्याच्या कामाचा, भाव ठरवताना ते कधी धरलेच नव्हते.

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांची पगारपत्रकं करणं हे माझं रोजचं काम. बहुतेक ठिकाणी हीच गोष्ट बघते. मालक प्रामाणिक असतो, पगार सात तारखेला देतो, पण माणसाचा खर्च म्हणजे त्याचा पगार एवढंच त्याच्या डोक्यात असतं. पगार हा त्या खर्चाचा फक्त दर महिन्याला दिसणारा भाग आहे. उरलेला काही पंधरा तारखेला द्यावा लागतो, काही दिवाळीला, काही माणूस काम सोडून जाताना. तो द्यावा उशिरा लागतो, पण चढत रोज असतो.

आप्पांच्याच शॉपमधला एक ऑपरेटर घेऊ. हिशोब सोपा राहावा म्हणून मूळ पगार आणि विशेष भत्ता मिळून १५,००० रुपये, बाकी भत्ते नाहीत असं धरू.

आधी त्याच्या बाजूने बघू. त्याच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे कामगार ज्याला नुसतं 'फंड' म्हणतात त्याचे, १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे, ०.७५ टक्के, ते ११३. व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००, बायकांना २५,००० पगारापर्यंत हा कर नाही). हातात पडतात १२,८८७. ही सगळी कपात त्याच्या पगारातली आहे, मालकाचा त्यात एक रुपयाही नाही. "आम्ही फंड भरतो की" असं सांगताना काही मालक हे कापलेले १,८०० सुद्धा आपल्या नावावर धरतात, म्हणून आधीच स्पष्ट केलेलं बरं.

आता मालकाच्या बाजूने. फंडात मालकानेही तेवढेच १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये स्वतःच्या खिशातून भरायचे असतात. त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात, ५५० कामगाराच्या फंडात. त्यावर अर्धा टक्का विम्याचा आणि अर्धा टक्का प्रशासन खर्चाचा, ७५ आणि ७५. सगळे मिळून १,९५०. त्या विम्याच्या ७५ रुपयांबद्दल मला दर वेळी थांबून सांगावंसं वाटतं. नोकरीत असताना कामगार दगावला, तर त्याच्या घरच्यांना या योजनेतून ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. फंडाचं नॉमिनेशन भरलेलं नसलं की तेच घर महिनोन्‌महिने कागद गोळा करत फिरतं. नॉमिनेशन भरून घ्यायला मालकाला एक दमडी लागत नाही.

ईएसआयमध्ये मालकाचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे ४८८ रुपये. १ जुलै २०१९ च्या आधी हाच वाटा ४.७५ टक्के होता. २१,००० पर्यंत पगार असलेल्या कामगाराला ही योजना लागू होते. त्यातून त्याला आणि घरच्यांना औषधोपचार मिळतात, आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, कामावर अपघात झाला तर ९० टक्के. प्रेसवर बोट गेल्यावर नोंदणीसाठी धावणारे मालक मी पाहिलेत. त्या दिवशी काहीच उपयोग होत नाही. नाव आधी चढलेलं असेल तर नुकसानभरपाई ईएसआय देतं, नसेल तर ती मालकाच्या मानेवर येते. ४८८ रुपये वाचवायला गेलेल्या एका माणसाला मशीन विकावं लागलेलं मला माहीत आहे.

कामगार कल्याण निधीचे मालकाचे ७५ रुपये जूनमध्ये आणि ७५ डिसेंबरमध्ये. महिन्याला साधारण १३ पडतात. ही रक्कम विसरली तरी चालेल, भरायची मात्र विसरू नका.

इथपर्यंतचा खर्च दर महिन्याला चलनावर दिसतो, म्हणून तो मालकांच्या लक्षात असतो. १५,००० चे झाले १७,४५१. खरी अडचण याच्या पुढची आहे.

बोनस किमान ८.३३ टक्के. हा आकडा असा विचित्र का, असं अनेक जण विचारतात. १०० ला १२ ने भागा, ८.३३ येतात. म्हणजे बारा महिन्यांच्या कामामागे एक महिन्याचा पगार. नफा चांगला असेल तर हेच प्रमाण २० टक्क्यांपर्यंत जातं. कायद्याने तो हिशोब सरकारने ठरवलेली रक्कम (जुन्या बोनस कायद्यात ७,००० रुपये) किंवा त्या कामाचं किमान वेतन, यातलं जे जास्त असेल त्यावर होतो. आपल्या ऑपरेटरचा पगार किमान वेतनाच्या आसपासच आहे असं धरलं, तर पूर्ण पंधरा हजारांवर बोनस येतो आणि महिन्याला १,२५० रुपये चढतात. नोव्हेंबरमध्ये चढतात, डिसेंबरमध्ये चढतात, बाराही महिने चढतात. द्यायचे मात्र एकदम, आणि तेही नेमके तेव्हा, जेव्हा फौंड्रीकडून (ज्या ओतकाम कारखान्याचं जॉबवर्क करतो त्याच्याकडून) येणं नव्वद दिवसांवर गेलेलं असतं आणि घरची दिवाळीही तोंडावर असते.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, हा याहून गप्प खर्च आहे. पाच वर्षं काम केलेला माणूस निघाला की त्याच्या शेवटच्या पगाराला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. म्हणजे वर्षाला पंधरा कामाच्या दिवसांचा पगार. आपल्या ऑपरेटरचे वर्षाला ८,६५४, महिन्याला ७२१. कमाल मर्यादा २० लाख.

यात एक गोष्ट फार थोड्या मालकांना उमगलेली असते. हिशोब शेवटच्या पगारावर होतो. माणूस आठ हजारांवर लागला असेल, पण निघताना पंधरा हजारांवर असेल, तर त्या आठ हजारांच्या वर्षांचीही ग्रॅच्युइटी पंधरा हजारांनी द्यावी लागते. त्यामुळे अठरा वर्षं जुन्या मिस्त्रीला तुम्ही आज हजार रुपये वाढ दिलीत, तर फक्त पुढचा पगार वाढत नाही. मागच्या अठरा वर्षांचं देणंही त्याच क्षणी १०,३८५ रुपयांनी वाढतं. म्हणून वाढ देऊ नये असं मी कुणालाच सांगणार नाही. अठरा वर्षं मशीन सांभाळलेल्या माणसाची ती कमाईच आहे. पण ही रक्कम आयुर्विम्याच्या गट ग्रॅच्युइटी योजनेत दर वर्षी भरत गेलं, तर दोन जुने मिस्त्री एकाच वर्षी निवृत्त झाल्यावर कॅश क्रेडिटला (बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाला) हात घालावा लागत नाही. शिवाय मान्यताप्राप्त फंडात भरलेल्या रकमेची प्राप्तिकरात वजावट मिळते. नुसतीच वहीत तरतूद दाखवली तर मिळत नाही.

बोनस आणि ग्रॅच्युइटी धरली की आकडा होतो १९,४२२. दोन वेळचा चहा दहा-दहा रुपयांचा धरला तर २६ दिवसांचे ५२०. दोन गणवेश, सेफ्टी शूज, हातमोजे यांचे वर्षाला ३,००० धरले तर महिन्याला २५०. सगळे मिळून २०,१९२.

कामगाराच्या हातात १२,८८७, मालकाच्या हातून २०,१९२. मध्ये ७,३०५ रुपयांचं अंतर. पगारावरून जी भांडणं होतात त्यातली अर्धी तरी या अंतरामुळे होतात, असं मला वाटतं. कामगाराला वाटतं मालक कमी देतो, मालकाला वाटतं मी इतकं देऊनही हा खूश नाही, आणि दोघेही आपापल्या जागी खरं बोलत असतात. सातारा-सांगलीची पोरं शिरवळला किंवा पुण्याला कंपनीत लागतात तेव्हाही हेच होतं. ऑफर लेटरवर 'पॅकेज २ लाख ४२ हजार' लिहिलेलं असतं, घरी पेढे वाटले जातात, आणि पहिल्या महिन्यात खात्यावर तेरा हजारसुद्धा येत नाहीत. फसवणूक झाली असं वाटतं. पॅकेजमध्ये मालकाचा फंडाचा वाटा, बोनस, ग्रॅच्युइटी हे सगळं आधीच मोजलेलं असतं. आपल्या ऑपरेटरचे २०,१९२ बाराने गुणून बघा, तोच आकडा येईल. मात्र पॅकेज न सांगता "पगार पंधरा हजार" असं ठरवून नंतर त्यातूनच मालकाचाही वाटा कापणं ही वेगळी गोष्ट आहे. ते बेकायदेशीर आहे. कामगाराने फंडाचं पासबुक मोबाइलवर पाहिलं की दोन मिनिटांत उघडं पडतं.

आता परत आप्पांच्या प्रश्नाकडे. भाव देताना ते तासाचा खर्च असा काढायचे: १५,००० भागिले २६ दिवस, भागिले आठ तास, ७२ रुपये. या पद्धतीत दोन चुका आहेत. पहिली आपण पाहिली, १५,००० च्या जागी २०,१९२ हवेत. दुसरी दिवसांची. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून ५२ रविवार गेले, सणांच्या आठ सुट्ट्या गेल्या. वीस दिवस कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते, ते पंधरा दिवस गेले. उरले २९० दिवस, म्हणजे २,३२० तास. वर्षाचा खर्च २,४२,३०४. भागाकार करा, तासाला १०४ रुपये येतात.

७२ आणि १०४. तासामागे ३२ रुपये, माणसामागे वर्षाला जवळजवळ पंचाहत्तर हजार. मी हे हजेरीबुकाच्या मागच्या पानावर आप्पांसमोर मांडलं. त्यांनी स्वतःच्या हाताने कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं. म्हणाले, "म्हणजे बोनस मी नफ्यातून देत नव्हतो. तो जॉबच्या भावात असायला हवा होता." हेच मला सांगायचं होतं.

या १०४ मुळे आणखी एक गोष्ट नीट दिसते. ओव्हरटाइमला दुप्पट दर द्यावा लागतो, तासाला १४४. ऐकायला तो दुप्पट आहे, पण त्या जादा तासावर फंड, बोनस, ग्रॅच्युइटी चढत नाही. खरी तुलना १०४ शी करायची. म्हणजे अडीनडीला ओव्हरटाइम परवडतो. रोजचा झाला की मात्र थकलेल्या हातातून रिजेक्शन (नाकारला जाणारा माल) वाढतं, आणि त्याचा हिशोब कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतो.

मार्केट यार्डात हळदीची पोती उतरवणाऱ्या हमालांचा हिशोब यापेक्षा सरळ आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने तिथे मजुरीच्या वर लेव्ही (मजुरीच्या ठरावीक टक्के जादा रक्कम) लागते. व्यापारी मजुरी आणि लेव्ही दोन्ही माथाडी मंडळात भरतो, आणि हमालाचा फंड, बोनस, रजा, ग्रॅच्युइटी त्या लेव्हीतून उभी राहते. ज्यांच्या चळवळीतून हा कायदा आला ते अण्णासाहेब पाटील आपल्याच साताऱ्याच्या पाटण भागातले. लेव्हीवरून व्यापारी कुरकुरतात, हे खरं आहे. पण पोत्यामागे खरा खर्च किती, हे त्यांना उतराईच्या दिवशीच कळलेलं असतं. कारखानदाराला ते दिवाळीत कळतं.

हे सगळं टाळण्यासाठी केले जाणारे दोन उपायही बोलले पाहिजेत. पहिला, मस्टरवर एकोणीसच माणसं दाखवणं, कारण फंड आणि बोनस वीस माणसांपासून लागू होतो (ईएसआय आणि ग्रॅच्युइटी दहापासून). विसावा, एकविसावा, बाविसावा मस्टरवर नाव न चढता नुसत्या व्हाउचरवर, म्हणजे पावतीवर, पगार घेतो. तपासणीत किंवा एखाद्या नाराज माणसाच्या अर्जात हे उघड झालं, की मागच्या वर्षांचा दोन्ही बाजूंचा वाटा, १२ टक्के व्याज आणि वर दंड, सगळं एकदम येतं. कामगाराचा वाटा मागे जाऊन त्याच्या पगारातून कापता येत नाही. तोही मालकाच्याच अंगावर येतो. आणि एकदा फंड लागू झाला की माणसं वीसच्या खाली आली तरी तो सुटत नाही.

दुसरा उपाय ठेकेदार. "माणसं ठेकेदाराची, आपल्याला काय" असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की ठेकेदाराने फंड-ईएसआय भरला नाही तर वसुली मूळ मालकाकडून होते. म्हणून ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी मागच्या महिन्याच्या चलनाची प्रत आणि नावांची यादी मागा. यादीतली नावं तुमच्या गेटच्या हजेरीशी जुळवा. मी हे जुळवताना तीन नावं यादीत सापडलीच नाहीत असंही झालंय, आणि ती तिन्ही माणसं त्या वेळी माझ्यासमोर ग्राइंडरवर काम करत होती.

पगाराची मोडतोड करून मूळ पगार लहान दाखवणं ही जुनी युक्ती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितलं, की सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्ते फंडासाठी मूळ पगारातच धरायचे. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. त्यांत वेतनाची एकच व्याख्या आहे: वेतनातून वगळलेले भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त असतील, तर जास्तीचा भाग वेतनात परत धरायचा. समजा २०,००० पगारात मूळ ६,००० आणि भत्ते १४,००० आहेत. निम्मे म्हणजे १०,०००. भत्त्यांतले वरचे ४,००० वेतनात आले, वेतन झालं १०,०००. ग्रॅच्युइटी वर्षाला ३,४६२ होती, ती झाली ५,७६९. ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्या कामगाराला पाच वर्षं थांबावं लागत नाही, एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी लागते. आपल्याकडे अकरा-अकरा महिन्यांचे करार करायची सवय आहे, त्यांनी हे कलम सल्लागाराकडून नीट समजून घ्यावं.

तारखांचं एक राहिलं. फंड आणि ईएसआय दोन्ही पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचे. मार्च २०२६ पर्यंत संपलेल्या वर्षांसाठी, कामगाराच्या पगारातून कापलेला वाटा एक दिवस जरी उशिरा भरला, तरी प्राप्तिकरात तो खर्च म्हणून धरता येत नव्हता. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं होतं. चोवीस माणसांचे १,८०० म्हणजे ४३,२०० रुपये. सोळा तारखेला भरले तर तेवढं उत्पन्न वाढलं समजून त्यावर कर द्यावा लागायचा. इतका महाग पडणारा एक दिवस कारखान्यात दुसरा नव्हता.

आणि मालकांच्या बाजूची एक गोष्ट, कारण ती सांगणारं कुणी भेटत नाही. केंद्राच्या विकसित भारत रोजगार योजनेत १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात जादा माणसं घेतली, तर मालकाला दर माणसामागे अनुदान मिळतं. दहा ते वीस हजार पगाराला महिना २,००० रुपये, दोन वर्षं, आणि उत्पादन क्षेत्रात चार वर्षं. पन्नासच्या आत कामगार असतील तर किमान दोन जादा माणसं हवीत आणि ती सहा महिने टिकायला हवीत. आपल्या ऑपरेटरचा मालकाचा फंडाचा खर्च १,९५० होता. म्हणजे तेवढा अख्खा परत येतो. मात्र नाव मस्टरवर असेल तरच. व्हाउचरवरच्या माणसामागे काही मिळत नाही.

आप्पांनी त्या दिवाळीला बोनस पूर्ण दिला, कॅश क्रेडिटमधून. नोव्हेंबरपासून त्यांनी दुसऱ्या बँकेत एक खातं उघडलंय. दर १५ तारखेला फंडाचं चलन भरलं की त्याच बैठकीत चोवीस माणसांच्या बोनस आणि ग्रॅच्युइटीचे ४७,३०४ रुपये त्या खात्यात जातात. पहिले तीन महिने त्यांना ते फार जड गेलं. एकदा जून महिन्याच्या उचलीसाठी, पोरांच्या शाळा सुरू होताना सगळेच मागतात तेव्हा, त्या खात्याला हात लावायचं मनात आलं होतं. मला फोन करून विचारलं, मी नको म्हणाले, त्यांनी लावला नाही.

जानेवारीत ते १०४ चा हिशोब घेऊन फौंड्रीच्या परचेस (खरेदी) विभागाकडे गेले होते. महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, तेव्हा भावही बदलावा, असंही लिहून नेलं होतं. सगळं मिळालं नाही. तीन जॉबचा भाव वाढवून मिळाला, चौथ्याला त्यांनी नकार दिला आणि आप्पांनी तो जॉब सोडला. त्याचं फिक्स्चर (जॉब मशीनवर पकडायचं साधन) अजून दाराजवळच्या रॅकवर आहे, आणि त्या मशीनवर आता दुसऱ्याचं काम चालू आहे.